न झिजलेला ढ

मुलगी सकाळपासून चौथ्यांदा उठली, खिडकीशी गेली आणि परत कॉम्प्युटरसमोर आदळली. पाच वाजता अख्खा फॉन्ट कंपनीकडे पाठवायचा होता आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं हेच ठरत नव्हतं. तिला बापाचं द्यायचं होतं. बाप दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

चाळीस वर्षं त्याने अक्षरांच्या लाकडी ठशांनी पोस्टरं छापली. छापखाना बंद पडला तेव्हा ठशांचे दोन खण घरी आणून पलंगाखाली ढकलले. तेच ठसे मुलीने शाई लावून कागदावर उठवले आणि कॉम्प्युटरमध्ये घेतले. जाडजूड, टवके उडालेली, डागाळलेली अक्षरं. हल्ली लोकांना असलंच लागतं. कॉफीचं दुकान कालचं, पाटी मात्र आजोबांच्या काळातली हवी. बिस्किटाच्या डब्यावर, सरबताच्या बाटलीवर, टी-शर्टवर, सगळीकडे खोटं म्हातारपण. खरा म्हातारा घरात खोकला की त्याला दार लावून घ्यायला सांगतात.

शेवटी तिने सगळी अक्षरं एका मोठ्या कागदावर छापून त्याच्यापुढे टाकली.

“बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. जीव टांगणीला लावू नका.”

त्याने कागद नाकाशी नेला. ‘क’ पाहून मान हलली. ‘स’च्या तुटक्या कोपऱ्यावर बोट थांबलं.

“हा माझ्या हातून पडला होता. मालकाने सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली.”

मग बोट ‘ढ’वर आलं आणि कागद टेबलावर आपटला.

“हे काय?”

“ढ.”

“ते दिसतंय मला, शहाणे. याला ओरखडे कुणी पाडले?”

“मीच. कॉम्प्युटरवर.”

“अगं, हा वर्षातून दोनदा खणाबाहेर यायचा. ऐतखाऊ लेकाचा! क आणि स राबराब राबले, त्यांचे कोपरे गेले. आणि तू यालाही तेवढंच झिजवलंस? फुकटात?”

“सगळे सारखे दिसायला हवेत, बाबा. कंपनीला...”

“मग कंपनीच्या बापाचं नाव दे.”

खुर्ची ढकलून तो आत गेला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने नखं कुरतडली, पलंगाखालचा खण ओढला, ‘ढ’ शोधून काढला. कडा अजून बोटाला टोचत होत्या. ती तशीच उठली, कॉम्प्युटरवरचे ओरखडे एकेक करून पुसले आणि ते अक्षर कंपनीतल्या बाईंना पाठवलं.

लगेच फोन.

“अहो, हे एक कोरंच राहिलंय.”

“ते तसंच आहे.”

“गिऱ्हाइकं बोंब मारतील.”

“मारू देत. बदलणार नाही मी.”

“वर विचारून सांगते,” म्हणत बाईंनी फोन आपटला. नावाची चौकट रिकामीच होती.

“काय म्हणाली?” आतून आवाज आला.

“विचारून सांगते म्हणाली.”

“ढ पुसलास?”

“पुसला.”

आत खोकल्याची उबळ आली.

“मग टाक माझं नाव. आणि ‘घ’सुद्धा बघ. तोही कामचुकारच होता.”

तिने ‘घ’ उघडला. पाचाला सतरा मिनिटं कमी होती.