मेनाच्या मागच्या पायाचा बूट

या, असे जवळ या. भिंतीतल्या शेगडीकडे पाठ करून बसा, ओले हातमोजे तिथे कठड्यावर टाका. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. भला म्हणालो, शूर म्हणालो नाही, कारण या गोष्टीत तो बहुतेक वेळ भ्यालेलाच आहे. पण भ्यालेल्या माणसांकडूनही देव कामं करून घेतो. कशी, ते ऐका.

विगिल आमच्या एगेनच्या खोऱ्यातला, बूट बसवून देणारा. चामड्याचे बूट नव्हेत. स्नोबोर्डच्या शर्यतीत पायात घालतात ते कडक प्लास्टिकचे, पोटरीपर्यंत येणारे, मागे स्प्रिंग असलेले. अरुंद फळीवर एकामागे एक पाय घट्ट अडकवून पोरंपोरी उतारावरून सुटतात. वळताना इतकी कलतात की कंबर बर्फाला घासते. त्या वेळी सगळा भार त्या दोन कवचांवर. तीस वर्षं विगिल ती कवचं घासत होता, तापवत होता, दाबून फुगवत होता. त्याने बसवलेल्या बुटाने कुणाचा पाय मोडला नव्हता. एवढं एकच वाक्य तो स्वतःबद्दल मोठ्या आवाजात बोलायचा.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मेना बूट घेऊन आली. फिलोमेना तिचं नाव, वय तेवीस, राष्ट्रीय संघात शेवटच्या जागेवर लटकलेली. गुरुवारी घरच्याच डोंगरावर शर्यत होती. सकाळच्या दोन धावांत पहिल्या सोळात आली तर संघातली जागा राहणार, नाहीतर जाणार. तिच्या आवडीचे बूट बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. ही जोडी तिने पोलंडमधल्या एका निवृत्त खेळाडूच्या तळघरातून मिळवली होती. नऊ वर्षं खोक्यात पडलेली, कोरी करकरीत.

विगिलने आतलं अस्तर काढलं, तिचा उघडा पाय नुसत्या कवचात घालायला लावला. बोटं पुढे टेकली, तशी टाचेमागे त्याने स्वतःचं बोट घालून पाहिलं. हौशी लोकांना तिथे दोन बोटांची जागा लागते.

"करंगळी जेमतेम जातेय," तो म्हणाला. "एक नंबर मोठा बघू या, पोरी."

"मोठा घेतला की पाय आत नाचतो. मी नाचायला नाही चाललेय, विगिल."

"नखं काळी पडतील."

"चार गेली, सहा उरलीत. गुरुवारपर्यंत पुरतील."

"आणि प्लास्टिक जुनं आहे. वरून टवटवीत दिसतं, आतून सुकत जातं."

"मग तू कशाला आहेस?" मेना हसली. "तू ठोकून बघ. तू हो म्हणालास की हो."

आमच्या डोंगरात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, म्हाताऱ्यांना आणि देवालाही. त्यात अपमान नाही, उलट भरवसा असतो. आणि विगिलला भीती वाटायची ती याच भरवशाची.

शर्यतीत उतारावर रोवलेल्या दांड्यांना वळसा घालत खाली यायचं असतं; दोन हिवाळ्यांमागे एका शर्यतीत तो तिसऱ्या दांड्यापाशी उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत एका मुलीचा मागचा बूट घोट्याशी फुटला. पाऊल फळीवर राहिलं, नडगी पुढे गेली. बूट त्याच्या हातचा नव्हता, तरी तो आवाज त्याच्या मनातून गेला नाही. कवच फुटल्याचा एक, आणि त्याला लागूनच दुसरा, हाडाचा.

त्याने दोन दिवस मेनाच्या बुटांवर काम केलं. घोट्याचं हाड टोचत होतं तिथे आतून कानस मारली, गरम हवा दिली, दाबयंत्राने भिंत बाहेर काढली. फळीच्या कडेबाहेर येऊन बर्फाला लागू नयेत म्हणून तळव्याची पुढची-मागची टोकं तासली. मग रात्रभर कवचं अंगणात दंवात ठेवली आणि बुधवारी सकाळी लाकडी हातोडीने ठोकून पाहिली. हीच त्याची खरी विद्या. गारठलेलं धड प्लास्टिक कोरडं, स्वच्छ वाजतं. कुठे न दिसणारी चीर असली तर त्या आवाजाखाली एक बारीक कंप येतो, बाटलीत माशी अडकल्यासारखा. विगिलने घोट्यापाशी ठोकलं, चवड्यावर ठोकलं, मागे स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या रिवेटपाशी ठोकलं. माशी कुठेच नव्हती.

"देवळातल्या घंटेसारखे वाजतायत," त्याने मेनाला सांगितलं. ती बूट घेऊन गेली.

आता गुरुवार ऐका. नाताळाआधीच्या आठवड्यांत आमच्याकडे पहाटे सहाला मारियेची प्रार्थना असते, नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात. ज्याने ती गाणी त्या उजेडात ऐकली त्याच्या काळजातला हिवाळा निम्मा ओसरतो. विगिल नेहमीप्रमाणे बायकोच्या, बुर्गीच्या शेजारी उभा राहून मनापासून गात होता. गाणं संपलं. पाद्रीबाबांनी पवित्र भाकर उचलायच्या वेळी लहान घंटी वाजते आणि सगळे गुडघे टेकतात. विगिल घंटीची वाट बघत उभा होता.

त्याची बाही खाली ओढली गेली.

"अरे, बस की!" बुर्गी कुजबुजली. "उभ्याउभ्या झोपलास का?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळं देऊळ गुडघ्यांवर होतं. तो एकटाच उभा.

"घंटी झाली नाही अजून," तो म्हणाला.

"तीनदा झाली."

विगिल खाली बसला. गुडघ्यांखालची फरशी गार होती. पुढे घंटी पुन्हा वाजली असणार, कारण समोरच्या बायकांनी माना लववल्या. त्याला शाली ओढून घेतल्याचा सळसळाट ऐकू आला, खोकला ऐकू आला. घंटी आली नाही.

बाहेर पडल्यावर त्याने बुर्गीला गाठलं. "खरं सांग. मला कमी ऐकू येतं?"

"आता विचारतोयस? वर्ष झालं, चहाची किटली शिट्टी मारून मारून मरते आणि तू शेजारी बसून पेपर वाचतोस. मी सांगितलं की म्हणतोस, तू हळू बोलतेस."

"तुझं बोलणं येतं ऐकू."

"माझं जाड आहे म्हणून! बारीक आवाज गेलेत तुझे, विगिल. वेन्झल डॉक्टरकडे चल म्हणून मी किती..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. बारीक आवाज. बाटलीतली माशी. त्याने काल ज्या शांततेला स्वच्छ म्हटलं होतं ती बुटाची होती की त्याच्या कानांची?

"माझी हातोडी," तो म्हणाला, आणि बर्फावरून घराकडे धावत सुटला.

मेनाला फोन लावला, बंद. शर्यतीच्या दिवशी ओटमार, त्यांचा प्रशिक्षक, सगळ्यांचे फोन काढून घेतो. ओटमारचा पुन्हापुन्हा लावला, तासभर नुसता वाजत राहिला, कुणी घेतला नाही. साडेनऊला पहिली धाव. विगिल डोंगरावर नेणाऱ्या तारेच्या पाळण्यात बसला तेव्हा नऊला पाच कमी होते.

त्या पाळण्यात तो एकटा होता. खाली गारठलेली झाडं सरकत होती आणि त्याच्या डोक्यात मेनाचा मागचा पाय सरकत होता. पाचव्या दांड्यापाशी, की आठव्या? आठव्यापाशी उतार तुटतो, तिथे सगळा भार मागच्या पायावर येतो. तिथेच. त्याने डोळे मिटले तर अधिकच स्पष्ट दिसायला लागलं.

आणि भीती एकटी कधी येत नाही हो, सोबत सोयीचा विचार घेऊन येते. विगिलला सुचलं, म्हणावं एक स्क्रू सैल राहिलाय. बूट मागून घ्यावेत, ठोकून पाहावेत, परत द्यावेत. कुणाला काही कळायला नको. तीस वर्षांचं नाव राहील. पाळणा अर्ध्यात आला तेव्हा त्याला त्यातलं भोक दिसलं. ठोकून पाहणार कोण? आपणच. आणि ऐकणार कोण?

"देवा," तो मोठ्याने म्हणाला, "खोटंसुद्धा माझ्या उपयोगाचं ठेवलं नाहीस."

मग तो रडला थोडा. वरचं स्थानक आलं तेव्हा बाहीने तोंड पुसलं.

सुरुवातीच्या फाटकापाशी पंधरा-वीस पोरी अंग गरम करत उड्या मारत होत्या. मेना बूट घालून, बकलं आवळून तयार होती. तिचा नंबर तेवीस.

"अरे, विगिल! आशीर्वाद द्यायला आलास?"

"बूट काढ."

"काय?"

"मेना, बूट काढ. मागच्या पायाचा आधी."

ओटमार मध्ये आला. "म्हाताऱ्या, वीस मिनिटं राहिलीत. हिचं डोकं फिरवू नकोस. काल तूच सांगितलंस ना, ठणठणीत आहेत म्हणून?"

"सांगितलं." विगिलने हातोडी पुढे धरली. आजूबाजूला इतर संघांचे लोक होते. त्यातल्या निम्म्यांचे बूट त्याच्याच हातचे. "सांगितलं, पण मला... मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येत नाहीत. आज देवळात घंटी ऐकू आली नाही. काल मी ठोकलं, आणि काही वाजलं नाही म्हणून धड म्हणालो. वाजलं असेल, ओटमार. मला माहीत नाही."

विगिलला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. शेजारच्या संघाची एक पोरगी खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली.

मेनाचा चेहरा पांढरा पडला होता. "आज?" ती म्हणाली. "आज सांगतोयस हे मला? तुला घाबरायला दुसरा दिवस नाही मिळाला?"

"आजच कळलं गं."

"माझी जागा जाईल, विगिल!"

"हो."

"आणि बूट धड निघाले तर?"

"तर घालून जा. मला शिव्या दे. पण मी नाही सांगू शकत. तू ठोक. तुझे कान तरणे आहेत. मी जागा दाखवतो, तू ऐक."

मेना दातओठ खात खाली बसली, बकलं उघडली, दोन्ही पाय बाहेर काढले आणि नुसत्या मोज्यांची पावलं फळीच्या पिशवीवर ठेवली. हातोडी त्याच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"कुठे?"

"चवड्यावर. हं. आता घोट्यापाशी, मी कानस मारली तिथे."

"सारखंच वाजतंय."

विगिलच्या तोंडून "आई मारिये" निघालं. गेले दोन तास त्याने सगळी भीती त्या एकाच जागेवर ठेवली होती.

"झालं?" ओटमार म्हणाला. "घाल पाय, मेना."

"थांब. मागे, स्प्रिंगच्या रिवेटपाशी. एकदाच."

तिने ठोकलं. पुन्हा ठोकलं. पुढच्या पायाच्या बुटावर त्याच जागी ठोकलं, परत मागच्यावर आली. विगिल तिचे हात बघत नव्हता. तो तिचा चेहरा बघत होता, कारण त्याला ऐकायला आता तेवढंच उरलं होतं.

तिचं तोंड किंचित उघडलं.

"हा वेगळा आहे," ती हळूच म्हणाली. विगिलला ते कळलं नाही, तसं पुन्हा म्हणाली, "वेगळा आहे! आत काहीतरी गुणगुणतंय."

विगिलने बूट घेतला, तळवा गुडघ्यात धरला आणि पोटरीभोवतीची वरची नळी सगळं वजन टाकून पुढे वाकवली. रिवेटच्या खाली एक पांढरी रेघ उमटली, केसाएवढी. सोडल्यावर गेली. पुन्हा वाकवल्यावर आली, या वेळी जरा लांब.

"केस आहे नुसता," ओटमार म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता. "दोन धावा काढेल."

"तुझ्या पायात घालून काढ," मेना म्हणाली. "गाडीतली माझी सरावाची जोडी मागव. पळ, ओटमार!"

त्या केसावर तो बूट आठव्या दांड्यापाशी फुटला असता, की आणखी वर्षभर टिकला असता, हे एका देवालाच ठाऊक. मी सांगणार नाही, विगिलही कधी सांगत नाही.

सरावाची जोडी पाळण्यातून वर आली तेव्हा बावीस नंबरची पोरगी फाटकात होती. ते बूट अर्धा नंबर मोठे, मऊ पडलेले. विगिलने बोटं बधिर झालेली असताना मागची स्प्रिंग दोन आटे आवळली, टाचेत पुठ्ठ्याचा तुकडा सारला. मेनाने पाय फळीत अडकवले. फाटक उघडलं आणि ती गेली.

विगिल उताराकडे पाठ करून उभा राहिला. दोन्ही धावांना. लोक ओरडत होते, तो डोंगराकडे तोंड करून मारियेची माळ ओढत होता, आणि प्रत्येक मण्याला एक दांडा मोजत होता. शेवटी कुणीतरी खांदा धरून त्याला वळवलं.

मेना होती, पाळण्याने पुन्हा वर आलेली, फळी काखेत धरून. "सतरावी," ती म्हणाली. "सेकंदाच्या सात शतांशांनी हुकले."

"आणि पाय?"

"ऐकू येत नाही तर दिसतही नाही का तुला? उभी आहे ना त्यावर!" तिचे डोळे भरून आले होते, रागाने म्हणा की कशाने म्हणा. "संघातून गेले मी, विगिल. इतकी चिडलेय ना तुझ्यावर. आज माझ्यासमोर येऊ नकोस."

"नाही येत."

"उद्या मी येते. दुकान उघडं ठेव. नवं कवच शोधायचंय, नव्या प्लास्टिकचं. आणि ठोकायला मी बसेन, तू नाही."

तो खाली आला तेव्हा पाळण्याच्या स्थानकात बुर्गी वाट बघत बसली होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने थर्मासमधला चहा पुढे केला. शेजारी दोन पोरी आपापले बूट काखोटीला मारून उभ्या होत्या. ऐकणारं माणूस सोबत आणू का, विचारत होत्या. विगिलने त्यांना उद्याची वेळ दिली. त्याचे हात अजून कापत होते, आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात प्रत्येक शर्यतीच्या सकाळी ते अजूनही कापतात.

तर बायांनो, बापांनो, आता उठाल, आपापल्या घरी जाल. पहाटे कधी देवापुढे उभे राहाल आणि लहान घंटी वाजेल, तेव्हा तेवढ्यात आमच्या विगिलची आठवण ठेवा. त्याचं नाव घ्या. जरा मोठ्याने घ्या.