सतरावं कार्ड

मेंदूज्वराने रत्नपालची गेली तीस वर्षं पुसून नेली, तेव्हा विनिताने रडण्यात एकच दिवस घालवला; दुसऱ्या दिवशी ती अलिबागच्या बाजारातून जाड कागदाची चाळीस कार्डं घेऊन आली. मानसशास्त्राची प्राध्यापक म्हणून अठ्ठावीस वर्षं तिने वर्गात हेच सांगितलं होतं, की आठवण म्हणजे कपाटातून काढून पुन्हा तशीच ठेवून द्यायची वस्तू नव्हे. ती दर वेळी नव्याने लिहिली जाते आणि लिहिणारा प्रामाणिक असेलच असं नाही. आता तेच ज्ञान घरच्या माणसावर वापरायचं होतं. रत्नपालला आईवडील आठवत होते, धाकटी बहीण रखमा ओळखू येत होती. पण बायकोला तो ‘मॅडम’ म्हणे, आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला की संकोचाने ‘आभारी आहे’ म्हणे. त्याने पुन्हा एकदा ‘विनू’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

निवृत्तीनंतर अलिबाग सोडून दोघं रेवसच्या रस्त्यावरच्या त्याच्या गावी येऊन राहिली होती. भातं निघून गेली होती आणि घरामागच्या शेतात पांढरा कांदा उभा होता. रोज सकाळी दहा वाजता ती त्याला पडवीत बसवी आणि एकेक कार्ड वाचून दाखवी. प्रत्येक कार्डावर एकच प्रसंग, एकाच वाक्यात. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर दोघांनी एकमेकांना घातलेले हार. भूमी अभिलेख कार्यालयातलं त्याचं खिडकीजवळचं टेबल. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं ती दुपार. हे कार्ड लिहिताना तिचा हात थबकला होता, पण सत्यात निवड करायची नसते, अशी तिची शिस्त होती.

प्रश्न एवढाच होता, की पाठ झालेलं आणि आठवलेलं यांतला फरक ओळखायचा कसा. म्हणून आयुष्यभराच्या संशोधकी सवयीने तिने सतरावं कार्ड खोटं लिहिलं. ‘रेवसच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना आपली छत्री पाण्यात पडली.’ असं काही घडलं नव्हतं, आणि तसं तिने वहीत तारीख घालून नोंदवूनही ठेवलं. बाकीच्या कार्डांत जीव आला आणि सतरावं तेवढं कोरडं राहिलं, तर तो खरोखर आठवतो आहे असं म्हणता येईल.

सहा आठवडे तो सगळीच वाक्यं आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी परत म्हणत राहिला. सातव्या आठवड्यात सतरावं कार्ड ऐकून तो हसला.

“पडली नाही ती. तिने मुद्दाम सोडली.”

“कोणी?”

“विनू, असं काय करतेस? आपल्या पोरीने, आणखी कोणी?”

ती इतकी सुखावली, की बाकीचं वाक्य तिच्यापर्यंत फार उशिरा पोचलं.

त्यानंतर ती मुलगी इतर कार्डांतही दिसू लागली. कार्यालयातल्या टेबलाखाली बसून ती रद्दी नकाशांच्या पाठीवर बोटी काढायची. हार घालण्याचा प्रसंग तिला रोज झोपताना सांगावा लागायचा. डॉक्टरांचं कार्ड रत्नपालने विनिताच्या हातातून हळूच काढून घेतलं, “हे तुझं चुकलंय,” म्हणाला आणि त्याचे दोन तुकडे केले. विनिताने वहीत लिहिलं, की मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, हाताला लागेल त्याने तो ती भरतो. निदान अचूक होतं. तिने सतरावं कार्ड चुलीत घातलं. पण त्याने काही फरक पडणार नाही हे तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तरीही एकदा तिने शेजारी राहणाऱ्या रखमाला विचारलं, “आमच्याकडे अलिबागला कधी कुणी मुलगी राहायला होती का गं?”

कांद्याच्या माळा विणताना रखमा खळखळून हसली. “न्हाय गो वहिनी! तुमच्याकडं पाव्हणा दोन दिस टिकायचा न्हाय, तुमच्या पुस्तकांना भिऊन. आन् दादाला पोरं कुठली सांभाळता येतात? माळ विणाय बसवला तर दहा कांद्यांत सात गाठी मारून ठेवायचा.”

याच बोलण्याने विनिताला चार दिवस शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी सकाळी रखमाची नात दीक्षा कंगवा आणि रिबिनी घेऊन पडवीत आली. आजीचे हात मातीने भरलेले होते आणि शाळेची वेळ होत आली होती. विनिता पुढे होणार, तोच रत्नपालने पोरीला आपल्या दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसवली. कंगव्याच्या टोकाने एका रेषेत भांग पाडला, कानामागचे भुरभुरते केस पाण्याच्या बोटाने बसवले, रिबिनीचं टोक दातांत धरलं आणि तीन पेड अशा वेगाने एकमेकांवरून नेले, की बोटांकडे त्याला एकदाही पाहावं लागलं नाही. दुसरी वेणी पहिलीच्या बरोबर उंचीला आली.

“आजी, बघ! तुझ्यापेक्षा भारी. दुखलं पण न्हाय,” दीक्षा म्हणाली.

“दादा,” रखमाने विचारलं, “हे रे कधी शिकलास?”

“रिक्षा सव्वासातला यायची. रोज घाई.”

रखमा हसली नाही. तिने नातीचं दप्तर उचललं आणि विनिताकडे न बघता निघून गेली.

विनिता खांबाला टेकून उभी होती. वाक्य शिकवता येतं. वारंवार वाचलं तर एक अख्खा दिवसही कुणाच्या डोक्यात रुजवता येतो. पण वेणी वाचून येत नाही. हात फक्त केलेलं शिकतात, तेही शेकडो वेळा केलेलं, आणि डोकं पुसलं गेलं तरी ते विसरत नाहीत. हा तिच्या पहिल्या व्याख्यानातला भाग होता.

“तिचं नाव काय होतं?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती कीव होती.

“नाव तू ठेवलंस,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो तिला पुन्हा मॅडम म्हणू लागला. तिने जन्मदाखले, रेशनकार्डं, अल्बम, बँकेची पासबुकं, सगळं शोधलं. एकाही कागदावर तिसरं नाव नव्हतं. कागदांनी तिची बाजू घेतली आणि त्याचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. खोटं असेल तर तिने आपल्या हाताने एका माणसाचं आयुष्य नासवलं होतं. आणि खरं असेल, तर ज्या पोरीसाठी रडायला हवं तिचा चेहराही विनितापाशी नव्हता.

पुढच्या सोमवारी तपासणीसाठी ती दोघं अलिबागला आली. एसटी स्टँडासमोर रस्ता ओलांडायला थांबली, तेव्हा रत्नपाल तिच्या उजवीकडे, परक्या माणसाने ठेवावं तेवढं अंतर ठेवून उभा होता. एक बस वळण घेऊन आत शिरत होती. विनिताने दोन्हीकडे पाहिलं, आणि पाऊल उचलण्याआधी तिचा डावा हात आपोआप खाली गेला, मांडीपाशी, पंजा किंचित मागे वळलेला, बोटं अर्धीच मिटलेली, आत एक छोटी मूठ मावेल इतपत.

बस गेली. रस्ता मोकळा झाला. मागची माणसं तिला वळसा घालून पुढे निघून गेली, रत्नपालही गेला. ती मात्र तिथेच उभी राहिली, कारण हातात अजून कुणी हात दिला नव्हता.