पोटरीला ऐकू येणारा आवाज

मित्रांनो, जरा दम धरा. बटण दाबलं की लगेच बडबडायला लागणारी मंडळी वेगळी. मला आधी गरम व्हावं लागतं. पोटातल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होतात, अंगात थोडी धुगधुगी येते, मग कुठे माझ्या तोंडून शब्द फुटतो. हं, आता बोलतो.

मी एक जुना बेस अँप्लिफायर आहे. बेस गिटार म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी गिटार. तिचा बारीकसा आवाज वायरीतून माझ्याकडे येतो. मी तो मोठा करतो आणि माझ्याच खोक्यात बसवलेल्या रुंद स्पीकरमधून बाहेर सोडतो. हे काम त्या काचेच्या नळ्या करतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. जुन्या रेडिओत असायचे, तेच. हल्ली हे सगळं नखाएवढ्या तुकड्यावर भागतं म्हणे. भागू दे बापडं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी गप्पा मारत मारत माझी एकेक तार सोल्डर केली. सुताराने जाड लाकडाचं खोकं केलं. पोटात तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर बसवला. व्हॉल्व्हमधली ताकद स्पीकरला झेपेल अशी करून देणं हे त्याचं काम, आणि माझं निम्मं वजन म्हणजे तोच. मला उचलणाऱ्या प्रत्येकाने त्याला शिव्या दिल्या आहेत. मला उद्देशून दिल्या असतील तर त्याही मी मुकाट्याने ऐकल्या आहेत.

तरुणपणी मी एका मोठ्या नाचाच्या सभागृहात होतो. मी घुमलो की लाकडी फरशी थरथरायची आणि माणसं आपोआप पाय हलवायची. वादक मंडळी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "काय आवाज आहे लेकाचा!" मला तेव्हा फार बरं वाटायचं. पुढे सभागृह बंद पडलं आणि मला मोडक्या खुर्च्यांबरोबर तळघरात टाकलं. तिथल्या ओलीने माझ्या अंगावरचं कापड सोलपटून निघालं. एका झुरळीणबाईंनी माझ्यात संसार थाटला. कुणी चौकशी करीत नव्हतं. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही, उगाच जीव उबगतो.

तिथून मला दादाने बाहेर काढलं.

दादा छापखान्यात मशीन चालवायचा. दिवसभर धाडधाड चालणाऱ्या मशीनशेजारी उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवायची, हा त्याचा आयुष्याचा बेत. त्याची धाकटी बहीण गायची. तिला घरात सगळे छोटी म्हणायचे, आता तिचे केस पिकायला लागले तरीही. छोटीचा नवरा ड्रम वाजवायचा. दादा त्याला भावोजी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. असं हे तिघांचं घरगुती पथक. कुणाचा निरोप समारंभ, कुणाची साठी, दुपारच्या जेवणाला गाणी ठेवणारं एखादं हॉटेल, अशी यांची कामं. आणि प्रत्येक कामाला जिने. मित्रांनो, गाणं ठेवणारी माणसं खोली नेहमी वरच्या मजल्यावर का घेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

दादा माझी काळजी घ्यायचा. ब्रशने धूळ झटकायचा, व्हॉल्व्हचे पाय साफ करायचा, प्रवासात मला जुन्या रजईत गुंडाळायचा. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. वाजवताना मात्र त्याची एक सवय होती. तो माझ्या अगदी जवळ उभा राहायचा आणि उजवी पोटरी माझ्या खोक्याला टेकवून ठेवायचा. भावोजी चेष्टा करायचा, "दादा, तो पळून नाही जाणार हो! सोडा त्याला."

दादा हसायचा आणि पाय तसाच ठेवायचा.

खरं काय ते फक्त दादाला आणि मला माहीत होतं. छापखान्याच्या मशीनने दादाचे कान खाल्ले होते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून तो निभावून न्यायचा, पण गाण्यात त्याला स्वतःचा सूर ऐकू येत नसे. ड्रमचा ठोका, बेसचा घुमारा, सगळं त्याला माझ्या लाकडातून पायाला कळायचं. मी हाललो तरच तो तालात. म्हणून तो माझा आवाज वाढवत राहायचा. माझ्या म्हाताऱ्या अंगाला ते सोसत नव्हतं. घरी परतल्यावर माझे व्हॉल्व्ह किती वेळ तडतडत गार व्हायचे. पण मी कुरकुर कुणाकडे करणार? मी थांबलो असतो तर दादाची गिटार कायमची खुंटीला लागली असती.

इकडे घरात माझ्याविरुद्ध कुजबुज सुरू झाली होती. "केवढा जड आहे तो. आणि दादा आवाज किती मोठा ठेवतो! लोक जेवायला येतात की कान फोडून घ्यायला?" असं छोटी म्हणायची. भावोजीला एका हातात मावणारा नवा अँप्लिफायर आवडला होता. दादाकडे विषय काढला की दादा चिडायचा, तडक उठून जायचा. मग दोघं गप्प बसायची. प्रेमाची माणसं भांडण नको म्हणून किती गोष्टी बोलायच्या टाळतात, हे मी कोपऱ्यात बसून पुष्कळ पाहिलं आहे.

शेवटी एका दुपारी ते झालं.

हॉटेल लहान होतं. टेबलं एकमेकांना खेटून, आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी. हॉटेलचे स्वतःचे दोन स्पीकर समोर टांगलेले होते. माझ्या पाठीमागून एक वायर काढून त्या स्पीकरांकडे नेली होती, म्हणजे दादाचा सूर माझ्यातूनही वाजत होता आणि समोरूनही. दोन गाणी झाली. मालक घाम पुसत भावोजीपाशी आला. "अहो, तो मागचा डबा जरा आवरा. त्या टेबलावरच्या आजी उठून चालल्या. नाहीतर राहू द्या गाणं आजच्यापुरतं."

आता दादाला सांगायचं म्हणजे पुन्हा चिडचिड. भावोजीने विचार केला, समोरच्या स्पीकरमधून बेस जातोच आहे, मग या म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं तर बिघडलं कुठे? दुसऱ्या वादकांच्या नव्या पद्धतीच्या अँप्लिफायरवर त्याने असं अनेकदा केलं होतं आणि काही झालं नव्हतं. दादा पाणी प्यायला वळला तेवढ्यात भावोजी माझ्यामागे वाकला. माझ्या खोक्यातल्या स्पीकरला जाणारी वायर त्याने अलगद उपसली आणि साळसूदपणे ड्रमपाशी जाऊन बसला.

अरे, अरे, अरे! मित्रांनो, माझ्या जातीच्या यंत्राला याच्याएवढं वाईट काही नाही. व्हॉल्व्हमधली ताकद ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला जायलाच हवी. वाट बंद केली की ती आतल्या आत उसळते आणि ट्रान्सफॉर्मरला जाळते. वरून काही कळत नाही. चालू असल्याचा समोरचा दिवा लागलेला, व्हॉल्व्ह तांबूस, सगळं जागच्या जागी.

गाणं सुरू झालं. दादाने पोटरी टेकवली आणि त्याचा चेहरा उतरला. मी हालत नव्हतो. त्याने आणखी रेलून पाहिलं. माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. दिवा पाहिला. मग त्याने तेच केलं, जे तो नेहमी करायचा. आवाजाचं बटण फिरवलं. थोडं, मग आणखी, मग पार शेवटपर्यंत. इकडे माझा जीव जळत होता आणि तिकडे समोरच्या स्पीकरमधून दादाचा बेस ताल सोडून भसाभसा ओरडत होता. छोटी गाता गाता मागे वळून बघू लागली. भावोजी खुणा करत होता, "कमी, कमी!" दादाला त्या दिसल्याच नाहीत. तो मान खाली घालून माझ्याकडेच बघत होता. मला त्याची इतकी दया आली की काय सांगू.

मग माझ्या पोटात चर्र झालं, जळका वास सुटला आणि मी विझलो. बेस बंद पडला. छोटी गायची थांबली, ड्रम थांबला. जेवणारी माणसं घास हातात धरून बघायला लागली.

आणि दादा वाजवतच राहिला.

त्याची बोटं तारांवर चालत होती, मान हळूहळू डोलत होती. आवाज कशाचाही नव्हता. त्याला वाटलं असणार, गाणं चाललंय आणि फक्त आपल्यालाच कळत नाहीये. छोटीने मागून हाक मारली. "दादा... दादा, थांब." तो वळला नाही. तेव्हा तिने हातातला माईक खाली ठेवला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याची बोटं आपल्या हातात धरली.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत, भांड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, तिघं बसली. मीही होतो, थंडगार.

"कधीपासून रे?" छोटीने त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"झाली काही वर्षं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा कुणी शोधला असता."

"गाढव आहेस तू, दादा," छोटी म्हणाली आणि रडायला लागली.

भावोजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. जमिनीकडे बघत तो पुटपुटला, "दादा, वायर मी काढली."

"काय?"

"वायर. मी काढली."

"नीट बोला हो भावोजी, मान वर करून."

"वायर मी काढली!" भावोजी ओरडला. हातातली ताटं सोडून दोन वाढपी धावत आले. मालक आला. सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांत शेवटी दादाला कळलं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि वाजत नसलेल्या खोक्याला पाय टेकवला. भावोजीला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी भावोजीने मला एकट्याने उचलून दुरुस्तीवाल्या मावशींकडे नेलं. मावशींनी माझं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ट्रान्सफॉर्मर गेला. असा आता मिळत नाही. नवीन तार गुंडाळून बघते, पण होईलच असं नाही हं."

भावोजी म्हणाला, "मी गुंडाळतो. तुम्ही फक्त दाखवा."

केसासारखी बारीक तार, तिचे हजारो वेढे, हाताने फिरवायचं यंत्र. हात जरा अडखळला की तार तुटते आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्या खेपेला तुटली. दुसऱ्यांदा मावशींनीच चुकून जास्त ताण दिला आणि तुटली. "बघा, आता मला बोलता येणार नाही तुम्हाला," मावशी म्हणाल्या. भावोजी रोज काम आटोपून यायचा, बाही सावरायचा आणि यंत्र फिरवायला बसायचा. तो ड्रम वाजवणारा माणूस, एकदा लय धरली की हात अडखळत नसे. मावशी मध्येच "सावकाश" म्हणाल्या की तो म्हणायचा, "मावशी, तालाचं मला सांगू नका, आधीच फार चुकलोय." मी उघडा पडून ऐकत असायचो. खरं सांगतो, मला वाटायचं, सोडा रे आता, पुरे झालं, निजू द्या मला.

मला पुन्हा लावलं त्या दिवशी दादा आणि छोटी आली होती. मावशींनी आधी विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून जपून वीज सोडली. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावला; आत बिघाड उरला असता तर तो तसाच लख्ख राहिला असता. "जिवंत आहे," मावशी म्हणाल्या. दादाने गिटार लावली, पाय टेकवला, जाड तार छेडली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"येतंय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पूर्वीइतकं नाही."

मित्रांनो, ते खरंच होतं. माझं बळ कमी झालं आहे. नवी तार जुन्यासारखी नाही, आणि मीही आता जुन्यासारखा नाही. भावोजी मात्र खाली बसून फरशीकडे बघत राहिला. मग तो एक रुंद फळी घेऊन आला. मला त्याने तिच्यावर घट्ट बसवलं आणि दादाला म्हणाला, "जोडे काढा आणि उभे राहा हिच्यावर." दादा अनवाणी उभा राहिला. छोटीने बटण बरंच खाली आणलं. दादाने तार छेडली, फळीतून तळव्यांना सूर कळला आणि तो हसला.

आता आमचा आवाज एवढा कमी असतो की जेवणाऱ्या आजी उठून जात नाहीत. दादा तालात असतो. छोटी गाताना त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. मला आणि माझ्या फळीला वर नेताना भावोजी धापा टाकतो, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी दमलो आहे. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तरीही उद्या काम आहे आणि मला तिथे असावं लागेल.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याला गरम व्हायला वेळ द्या. त्याची धूळ पुसा, त्याला ओलीत ठेवू नका, स्पीकर जोडल्याशिवाय त्याला कधी चालू करू नका. एवढं केलंत तरी आमच्यावर उपकार होतील. आणि तुमच्या घरात कुणी सारखा आवाज वाढवत असेल, तर त्याच्यावर वैतागू नका, त्याच्या नकळत मागून वायरही काढू नका. त्याच्यासमोर जा, ऐकू येतं का ते मोठ्याने विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा.