नावाखालची ओळ

चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर एक फाटा आहे. तिथं बस थांबते आणि तिथंच मी उभा आहे. काळा ग्रॅनाइटचा दगड, माणसाच्या छातीएवढा उंच. माझ्यावर एक नाव कोरलेलं आहे : लेफ्टनंट धम्मदीप जानराव खंडारे. ते नाव मी अभिमानानं मिरवलं. पण नावाखाली एक ओळ होती, आणि त्या ओळीपायी मी चोवीस वर्षं मान खाली घालून उभा होतो. दगडाची मान कुणाला दिसत नाही, म्हणून निभलं.

मी कुठल्या खाणीतून आलो ते मला आठवत नाही. आठवतं ते अमरावतीतलं चंद्रभान मिस्त्रीचं दुकान. आम्ही दहा-बारा दगड भिंतीला टेकून वाट बघत असायचो. कुणाच्या नशिबी पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, कुणाच्या नशिबी समाधी. १९९९ सालच्या दिवाळीनंतर दोन माणसं दुकानात आली आणि माझ्यासमोर थांबली.

एक होते जानराव खंडारे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार. त्यांचा एकुलता मुलगा धम्मदीप अमरावतीला इंजिनिअर झाला, फौजेच्या इंजिनिअर पलटणीत अधिकारी झाला आणि त्याच वर्षी जुलैत कारगिलच्या लढाईत गेला. पंचवीस वर्षांचा होता. दुसरे होते रामराव, गावातले मोठ्या शेतीवाडीचे कास्तकार आणि स्मारक समितीचे अध्यक्ष.

जानरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून चंद्रभानला दिला. चंद्रभाननं मोठ्यानं वाचलं, "जखमी सैनिकांसाठी वाट मोकळी करताना, सुरुंग काढत असता वीरमरण."

रामराव म्हणाले, "जानराव, हे नाई जमत. सुरुंग म्हटलं का लोकाईले वाटते, चुकून पाय पडला. छातीवर गोळी झेलून, असं लिवा. वाचनाऱ्याचा ऊर भरून आला पायजे."

"पन भाऊ, पलटनीच्या पत्रात त सुरुंगच हाय."

"पत्र तुमच्या पेटीत रायते. दगड फाट्यावर रायनार हाय." मग रामरावांनी आवाज खाली आणला. "अन् खंडाऱ्याच्या पोराचा दगड फाट्यावर काहून, त्याईच्या वस्तीत काहून नाई, असं गावात दहा जन म्हनून राहिले. मी त्याईले थोपवून धरलं. आता तुमीच एका शब्दासाठी अडून बसले, त मले बी काई बोलता येनार नाई."

चंद्रभान छिन्नी घेऊन उभा होता. "मंग कोनतं कोरू?"

जानराव माझ्याकडे बघत राहिले. माझ्या पॉलिशमध्ये त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. शेवटी ते म्हणाले, "भाऊ म्हनते ते कोरा." आणि कागद परत खिशात घालून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

'गोळी'चा 'गो' कोरताना चंद्रभान जपून हात चालवत होता, कारण तिथं माझ्यात एक बारीक रेघ होती आणि मी तडकेन अशी त्याला भीती होती. मी तडकलो असतो तर बरं झालं असतं. नाही तडकलो.

सव्वीस जानेवारीला माझं अनावरण झालं. जवानांनी सलामी दिली. धम्मदीपची आई भागीरथाबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. रामरावांनी भाषणात ओळ वाचून दाखवली तेव्हा तिनं शेजारी बसलेल्या जानरावांना विचारलं, "म्हंजे गोळी लागली होती माह्या पोराले?"

जानराव म्हणाले, "हाव."

त्या एका 'हाव'वर पुढची सगळी वर्षं गेली. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मला धुऊन हार घालायचे. शाळेची पोरं भाषणं करायची. एका साली एकानं एक गोळी म्हटलं, पुढच्या साली दुसऱ्यानं तीन केल्या. भागीरथाबाई टाळ्या वाजवायची आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. एरवी लोक मला टेकून बसची वाट बघायचे, माझ्यावर पाठ घासायचे, लग्नाचे आणि निवडणुकीचे कागद चिकटवायचे. त्याचा मला कधी राग आला नाही. खोट्या दगडाला याहून वेगळं काय मिळायला हवं?

जानराव जाता-येता सायकलवरून उतरायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते वारले.

मागच्या वर्षी, ऊन तापायच्या आत, भागीरथाबाई रोजच्यासारखी ओल्या फडक्यानं मला पुसत होती. अकोल्याकडून आलेल्या बसमधून एक पन्नाशीचा माणूस उतरला. ताठ चालीचा, केस बारीक कापलेले. त्यानं माझ्यावरचं नाव वाचलं, खालची ओळ वाचली आणि तो तिथंच थबकला.

"माय, हे कोनी लिवलं?"

"कमेटीनं. तुमी कोन?"

"मी वामन. अकोल्याचा. साहेबाच्या हाताखाली होतो, त्याच पलटनीत. तुमाले भेटाले आलो. पंचवीस वर्सं झाली, येतो येतो म्हनत होतो." तो थांबला. "माय, साहेबाले गोळी नाई लागली."

तिच्या हातातलं फडकं तसंच माझ्यावर राहिलं. ती म्हणाली, "बस. सांग."

तो माझ्या ओट्यावर बसला आणि मान वर न करता बोलत राहिला. डोंगराच्या वरच्या अंगाला सात जखमी जवान पडले होते. त्यांना खाली आणायची एकच पायवाट, आणि तिच्यात शत्रूनं सुरुंग पेरलेले. लोखंडी सळईनं माती टोचत, एकेक सुरुंग हुडकत पुढं सरकायचं होतं. पुढं राहायची पाळी वामनरावांची होती.

"मी चार काढले, माय. पाचव्याले माहे हातच आवरेनात. म्या म्हटलं, साहेब, माह्याच्यानं होत नाई. साहेब रागावले नाई. म्हने, सरक मांगं, पानी पी. अन् सोता पुढं झाले. अकरा काढले त्याईनं. बारावा..."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मले सरकता आलं असतं अजून थोडं पुढं," वामनराव म्हणाले. "पाळी माही होती."

"वाट मोकळी झाली का मंग?" भागीरथाबाईनं विचारलं.

"दोन हातच राहिली होती. ते मी केलं. सातही जन उतरले. सातही जगले."

"अन् तो भेला होता काय?"

"लय. घाम पुसे, हात झटके, अन् पुन्हा खाली वाके."

तिनं पदर डोळ्याला लावला. मग माझ्याकडे बघितलं, असं की त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. "असंच करन तो. लहानपनी कालव्यावर पोरीईसाठी फळीचा पूल केला, तवा पयले सोता तीनदा भेत भेत गेला न् आला. म्या पाह्यलं होतं. छाती काढून गोळी खानारं पोरगं माहं नाईच. मंग इतके दिस ह्या दगडावर म्या कोनाले पुसलं?"



दोघं घरी गेले. पेटीतलं पलटणीचं पत्र वामनरावांनी वाचून दाखवलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी भागीरथाबाई ते पत्र हातात घेऊनच फाट्यावर आली. रामराव काठी टेकत, दवाखान्यात जायच्या बससाठी येऊन बसले होते. आता त्यांची ऐंशी उलटली आहे.

"भाऊ, हे तुमाले ठाऊक होतं?"

रामरावांनी पत्राकडे बघितलं. वाचायची गरज नव्हती.

"ठाऊक होतं. जानरावनं खरंच लिवून आनलं होतं, बाई. म्या बदलवलं. नाई ऐकलं त दगड फाट्यावर बसनार नाई, असं भेव घातलं त्याले. पोराची जागा जाईन म्हून तो चूप बसला."

"अन् गावातले ते दहा जन?"

"दहा नव्हते. तीन होते." ते आणखी हळू बोलले. "त्यात एक मी."

हे मलाही माहीत नव्हतं.

भागीरथाबाई ताडकन काही बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "तीन दिस झाले, मी धम्मदीपच्या बापाच्या फोटोसंग बोलली नाई. आता घरी जाऊन बोलतो." आणि खरंच निघाली. चार पावलं गेल्यावर वळली. "तुमच्यासंग कवा बोलीन, ते सांगता येत नाई. दगड तेवढा नीट करून द्या."

बस आली आणि गेली. रामराव चढले नाहीत.

पंधरा दिवसांनी चंद्रभान मिस्त्री आला, म्हातारा झालेला, सोबत घासायचं मशीन घेऊन. त्यानं भागीरथाबाईला सांगितलं, "ग्रॅनाइटवरचं खोडता येत नाई, माय. घासून काढा लागते. तिथं खोलगट होईन, चमक जाईन. वाईट दिसन."

"दिसू दे," ती म्हणाली.

सकाळभर त्यानं मला घासलं. रामराव खुर्ची टाकून उन्हातच बसले होते, कुणी सावलीत घेतो म्हटलं तरी हलले नाहीत. गावातले लोक जमले. मला दुखलं की नाही ते विचारू नका. मला फक्त एवढंच कळत होतं की इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या तोंडातलं खोटं काढून घेतंय.

वामनराव अकोल्याहून आले होते. ते म्हणाले, "माय, माहं बी लिवा. पाळी माही होती, म्या मांगं सरलो, असं."

"दगडावर मेलेल्याईचं लिवते, बावा. तू जिता हायेस. तू तोंडानं सांग, शाळेत जाऊन."

मग तिनं सांगितलं आणि चंद्रभाननं कोरलं : 'सुरुंग काढून सात जखमींना वाट करून देताना गेला. भीत होता, तरी पुढे गेला.'

'भीत होता' या शब्दांवर जमलेल्यांत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, असं शहिदाच्या दगडावर शोभत नाही. चंद्रभानचा हात थांबला नाही.

आता मी असा आहे. वर नाव चकाकतं, त्याखाली एक निस्तेज पट्टा आहे आणि त्यात ही ओळ. पावसाचं पाणी तिथं साचतं. माझी लाज गेली असं मी म्हणणार नाही. जानराव हे वाचायला राहिले नाहीत, आणि ते माझ्याकडे न बघताच गेले, हे घासून निघणारं नाही.

तुम्ही कधी या फाट्यावर उतरलात तर मला हार घालू नका. त्या पट्ट्यावरून हात फिरवा. खोलगट लागेल. इथं काय होतं, असं गावात कुणालाही विचारा, अगदी रामरावांनाही. ते सांगतात. आणि ते सांगत असतील तेव्हा बस आली तरी, तेवढी एक बस जाऊ द्या.