आत्या मोती चावते

आमच्या दुकानात मोत्यांचा हार विकायला कुणी आलं की माझी आत्या आधी तो हार तोंडात घालते. काहीजण दचकतात. एक बाई तर ओरडल्याच होत्या, "अहो, तो माझ्या आईचा आहे!" आत्याने हार तोंडातून न काढताच "असू दे, असू दे" म्हटलं आणि काम पूर्ण केलं.

काम असं. मोती पुढच्या दातांच्या धारेवर हलकेच घासायचा. खरा असेल तर रवाळ लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा असेल तर सुळकन घसरतो. मग किंमत ठरवायची. त्यासाठी मोत्याचं पाणी बघायचं, दाणे एकमेकांना किती मिळतेजुळते आहेत ते बघायचं, भोकाची कड तपासायची. हे सगळं भिंग लावून मी करते आणि उत्तम करते. माझं कौतुक दुसरं कुणी करत नाही म्हणून मीच सांगते. पण खरं की खोटं, हा शब्द आत्याचा. दोन मोती एकमेकांवर घासून पूड पडते का ते बघायचीही एक रीत आहे, पण आमच्यात तिचं नाव काढलेलं चालत नाही. ती म्हणे बाकीच्या दुकानांची रीत! आजोबांनी आत्याला दातांवर शिकवलं, त्यांच्यानंतर काउंटरमागची उंच खुर्ची तिला मिळाली, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याशिवाय कुणी मोती तोंडात घालायचा नाही हा आमचा नियम.

आत्याने लग्न केलं नाही, घर घेतलं नाही, कुठे फिरायला गेली नाही. तिचं जे काही आहे ते ती खुर्ची. आणि दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, नेमका त्या खुर्चीवर डोळा. दुकान आता त्याच्या नावावर आहे. एक यंत्र आणायचं, त्याच्यापुढे टाय लावलेला कुणीतरी बसवायचा आणि आत्याला "आता आराम कर" म्हणायचं, असं त्याचं चाललेलं. आराम! आत्याला ती शिवी वाटते.

अशात आत्याचे दात गेले.

आधी नुसते हलत होते आणि ती लपवत होती. शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. वरचे सगळे काढावे लागले, खालचे उरले होते ते असून नसल्यासारखे, म्हणून तेही काढले. डॉक्टरांनी अशी झकास कवळी बसवली की आत्या जन्मात पहिल्यांदा हसताना बरी दिसायला लागली. दुकानात सांगितलं, ती मैत्रिणीकडे राहायला गेलीय. येताना टॅक्सीत तिने माझं मनगट धरलं. "दादाला कळलं तर तुझी जीभ हासडीन."

"अगं, पण कवळीला काय कळणार, रवाळ की गुळगुळीत?"

"मला कळतं. दात काय, निमित्ताला असतात."

कळतं डोंबल! पहिलाच हार मागच्या गल्लीतल्या नर्सने आणला, तो चांगला होता, भिंगातून मला स्वच्छ दिसत होतं. आत्याने घासला, डोळे मिटून परत घासला आणि म्हणाली, "खोटा." दुसरा चौकातल्या मास्तरांनी आणला. "खोटा." तिसरा तर तिने नीट तोंडातही घेतला नाही. तिचा हिशोब माझ्या लक्षात आला. खोट्याला खरं म्हटलं तर दुकान बुडणार, खऱ्याला खोटं म्हटलं तर फक्त गिऱ्हाईक परत जाणार. फक्त! माणसं येताना मान ताठ ठेवून यायची आणि जाताना दाराला धडकून जायची.

दादा सुरुवातीला खूश होता. आत्या काय कडक झालीय म्हणाला. मग कपाटं रिकामी व्हायला लागली तसा त्याचा चेहरा उतरला. "सगळं गावच खोटं निघालं की काय गं?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "दिवसच तसे आलेत." आणखी काय सांगणार, कपाळ?

घरी आमची रोज जुंपायची. "भिंगातून बघून मी हळूच खूण करते, तू तेच सांग," मी म्हणायचे. आत्या म्हणायची, "तुझ्या खुणेवर सांगायचं तर मी तिथे बसू कशाला?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. खरं तर झोपायची नाही. मला ऐकू यायचं.

मग एक दिवस एक सासू आणि सून आल्या. सासूबाई काडीसारख्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी तीन पदरी हार काउंटरवर ठेवला आणि सांगून टाकलं, "हा विकून मी वेगळी राहणार आहे. हिच्या हातचं खाऊन पोटाची वाट लागली."

"आधी खरा आहे का ते तर कळू दे," सून म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. 'तुझ्या माहेरच्यांनी असा हार बघितला तरी आहे का,' म्हणे! आज काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

मी भिंग लावलं. रेशमाच्या जुन्या गाठी, पिवळ्या पडलेल्या. भोकांच्या कडा स्वच्छ, कुठे पापुद्रा सुटलेला नाही. पाणी असं की त्यात माझं नाक दिसत होतं. इतका सुंदर हार कित्येक दिवसांत आला नव्हता. मी काउंटरखालून आत्याच्या पायाला लाथ मारली. तिने पाय मागे घेतला. दादा शेजारीच उभा होता.

आत्याने हार घासला. "खोटा."

"बघा!" सुनेने टाळीच वाजवली. "बघा, आई! सांगत होते की नाही?"

सासूबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्या आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या. "परत घासा," त्या म्हणाल्या.

आत्याने परत घासला.

"अहो बाई, तुम्हाला कवळी आहे!"

सासूबाई पुढे वाकल्या. "टक् असा आवाज आला. माझाही येतो. हे बघा." आणि जिभेने स्वतःची कवळी पुढे ढकलून त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवली. "शी, आई!" सून किंचाळली. सासूबाईंनी कवळी आत घेतली. "खोटे दात लावून बसता आणि माझ्या नवऱ्याने दिलेल्या हाराला खोटं म्हणता? लाज नाही वाटत?"

दादाने आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आधी त्याचा आ वासला, मग तो आतून खूश झाला, आणि मग ते दिसू नये म्हणून त्याने तोंड वाईट केलं. लहानपणापासून ओळखते मी त्याला. "आत्या, अगं किती सोसलंस," तो म्हणाला. "पुरे झालं आता. आराम कर."

आत्या खुर्चीवरून खाली उतरली. तिने चष्म्याचं घर उचललं, ते उघडलं, परत मिटलं. "बरोबर आहे त्याचं," ती मला म्हणाली. "मला काही लागत नाही गं. वाळू, साखर, काच, सगळं एकच लागतं." तिचा आवाज फुटला. उभ्या जन्मात मी तिला सगळ्यांवर ओरडताना बघितलंय, असं कधी नाही. माझं डोकंच फिरलं.

"तू गप्प बस," मी दादाला म्हटलं. तो काही बोलतही नव्हता. मी हार उचलला आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातला.

"ए!" आत्या ओरडली. सवयीने.

"रवाळ लागतोय," मी म्हटलं.

"रवाळ म्हणजे कसा? रवा की वाळू?"

"मला काय माहीत! रवाळ!"

"गाढव आहेस. दाबू नकोस इतकं, भाकरी खातेस का? धारेवर आण. हं. आता?"

"पिठीसाखरेसारखं."

"सगळे दाणे सारखेच?"

मी एकेक मोती पुढे सरकवत गेले. "नाही. थोडे वेगवेगळे. हा जास्त खरखरीत आहे."

आत्या आता माझ्यासमोर येऊन उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि माझ्याबरोबर तिचाही जबडा हलत होता. तिन्ही पदर संपले. मग तिने डोळे उघडले.

"खरा आहे. तिन्ही पदर खरे. बाई, मी चुकले."

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, घरी जाऊन माझं सामान बांध."

सुनेचा चेहरा पडला. "खरंच जाणार? मग मी भांडू कुणाशी?" ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली. सासूबाई गोंधळल्या. त्यांची ही तयारी नसावी. विकायचं उद्या बघू, म्हणाल्या, आणि हार पर्समध्ये टाकून सुनेला घेऊन गेल्या.

"हातचा माल घालवलात दोघींनी," दादा म्हणाला. "आता त्या खुर्चीवर बसणार कोण?"

आत्याचं लक्षच नव्हतं. ती बूट चढवत होती. "मागच्या गल्लीतली ती नर्स आधी," ती पुटपुटली. "मग चौकातले ते मास्तर."

"अगं, कुठे निघालीस? फोन कर," दादा म्हणाला.

"फोनवरून मोती चावता येतो का? आणि तू काय बघतेस? चल. आधी दात घास, कांदा खाल्लायस."

नर्सने दार उघडलं आणि आत्याला बघून लगेच लावायला लागली. आत्याने पाय आड घातला. तिने सगळं सांगितलं, कवळीसकट, एका दमात. नर्स ऐकत राहिली. मग म्हणाली, "हार आता कुठे राहिलाय? मी कापून पोरीला खेळायला दिला, मोती गेले घरभर." हार तिच्या वडिलांनी तिच्या आईला दिलेला. वडिलांनी आईला आयुष्यभर फसवलं असं धरून तिने त्यांचा फोटोही भिंतीवरून उतरवला होता. खिळा तसाच होता.

आत्याने चष्मा लावला, गुडघे धरत खाली बसली आणि पलंगाखाली शिरली. नर्स "अहो, अहो" करत राहिली. थोड्या वेळाने पलंगाखालून धुळीने माखलेला हात आला. त्यात एक मोती होता. मी तो घेतला, रुमालाने पुसला, दातांवर घासला.

"काय लागतं?" आतून आवाज आला.

"रवाळ. पिठीसाखर."

"मग सांग की."

"खरा आहे," मी म्हटलं.

"मला काय सांगतेस?" आत्या पलंगाखालून म्हणाली. "तिला सांग. मोठ्याने."