जेवणाआधीचं कुंकू

माझ्या नातीला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी जेवणाआधीच वाटेला लावलं, ही बातमी म्हसरूळपासून दिंडोरीपर्यंत पोचली आहे. जो तो आपलं तिखटमीठ घालून सांगतो. कुणी म्हणतं म्हातारीने ताट ओढलं, कुणी म्हणतं काठी उगारली. काठी मी वापरत नाही, अजून गुडघे शाबूत आहेत. झालं ते असं.

वैष्णवी माझ्या शेखरची थोरली. दिंडोरीच्या अलीकडे एक पॅकहाऊस आहे, तिथे ती कामाला असते. द्राक्षं पेटीत भरून परदेशी जातात आणि तिकडच्या खरेदीदारांशी ही फोनवर बोलते. इंग्रजीत बोलते, वेळ आली तर भांडतेसुद्धा. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण पलीकडचा माणूस गप्प झाला, एवढं कळतं.

त्या दिवशी सकाळी कांदा चिरता चिरता ती मला म्हणाली, "आजी, मुलगा फोनवर बरा वाटला. पण नोकरी सोड म्हणाले तर मला हे लग्न नको. पप्पांना तोंडावर नाही म्हणायला मला जमत नाही."

"मला जमतं," मी म्हटलं. "तू पोहे बघ."

शेखरला मात्र स्थळाने वेड लावलं होतं. मुलाच्या वडलांची घोटीला तांदळाची गिरणी, नाशकात फ्लॅट, मुलगा एकुलता एक. दहा वेळा त्याने खुर्च्या पुसल्या. आमचे हे तर, पाहुणे म्हटले की, बागेत पळतात. द्राक्षांची खरड छाटणी चालू होती, त्यांना निमित्त आयतंच मिळालं.

गाडीतून तिघं उतरले. मुलगा अश्विन, त्याची आई कलाबाई आणि कलाबाईंचा भाऊ वाल्मीक सर. वडलांना गिरणी सोडता आली नाही म्हणून मामाला पुढे घातलेलं. मामाचे शहरात इंग्रजी बोलायला शिकवायचे क्लास. एप्रिलच्या उन्हात गळ्यात टाय. आल्या आल्या आमच्या ह्यांच्या खुर्चीत बसला. बसू का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पोहे आले. वैष्णवी समोर बसली. माणूस मुलीला शिक्षण विचारतो, आवडनिवड विचारतो. ह्याने चमचा वर धरला आणि विचारलं, "सांग बेटा, रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, हे कुठून आलं?"

मी शेखरकडे बघितलं. शेखर छताकडे बघत होता.

सरांनी मग माझ्यावर कृपा केली. "आजीबाई, धो धो पाऊस आला की इंग्रज म्हणतो, कुत्री-मांजरं पडतायत. का? तर जुन्या काळी त्यांची घरं गवताने शाकारलेली. कुत्री-मांजरं उबेला छपरावर झोपायची. पाऊस आला की गवत निसरडं व्हायचं आणि सगळी धपाधप खाली."

"पाऊस येईपर्यंत कुत्रं छपरावर करत काय होतं, सर?" मी विचारलं. "आमच्या कुत्र्याला नुसता ढग दिसला तरी ते पलंगाखाली जातं. इंग्रजांची कुत्रीसुद्धा तुमच्या क्लासला होती वाटतं."

अश्विन हसला आणि लगेच खोकला. खोकला खोटा होता. तेवढ्यापुरता मुलगा मला आवडला.

सर थांबणाऱ्यातले नव्हते. "सेव्ह्ड बाय द बेल. थोडक्यात वाचला, असा अर्थ. तिकडे मेलेल्याच्या बोटाला दोरी बांधून पुरायचे. वर घंटा. चुकून जिवंत माणूस पुरला गेला तर तो आतून घंटा वाजवायचा."

"सर, ते बॉक्सिंगमधून आलंय," वैष्णवी हळू आवाजात म्हणाली. "फेरी संपल्याची घंटा झाली की मार खाणारा वाचतो. आणि कुत्र्या-मांजरांचं कुठून आलं ते कुणालाच नक्की माहीत नाही. छपराची गोष्ट मागाहून कुणीतरी रचली."

सरांचा चमचा बशीतच राहिला. "इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं, बेटा. आम्ही आयुष्य घातलंय यात."

घातलं असेल. आयुष्य घातलं म्हणजे ते कारणी लागलं असं कुठे असतं? आमच्या शेजारच्या गेणूने अख्खं आयुष्य विहिरीसाठी पाण्याच्या जागा दाखवण्यात घातलं. त्याने दाखवलेल्या सगळ्या जागा अजून कोरड्या आहेत.

चहा आला. सरांना तिसरी गोष्ट सुचली. "कोल्ड शोल्डर. याला म्हणतात संस्कृती. नकोसा पाहुणा घरी आला की इंग्रज त्याला गरम वाढायचा नाही. मटणाचा उरलेला गार खांदा पुढे ठेवायचा. पाहुणा काय ते ओळखायचा आणि निघायचा. एक शब्द बोलायचा नाही, कुणाचा अपमान नाही. आपल्याकडे आहे का असं काही? आपल्याकडे नुसती आरडाओरड."

"सर, याचाही पुरावा..." वैष्णवी बोलायला लागली.

सरांनी हात वर केला. "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नसतं." मग ते शेखरकडे वळले. "मुलगी हुशार आहे, शेखरराव. पण वळण लावावं लागेल. लग्नानंतर ते पॅकहाऊस बंद. ट्रकवाल्यांत सून उभी राहिलेली आमच्यात चालत नाही. माझ्या क्लासला बसेल, आधी शिकेल, मग लहान मुलांना शिकवेल."

आमच्यात म्हणे. गिरणी मेव्हण्याची, मुलगा बहिणीचा, आणि सून ह्याच्यात.

मी अश्विनला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, बाळा?"

त्याने मामाकडे बघितलं, मग बशीकडे. "मामा म्हणतील तसं."

"होईल, सर. बसून बोलू, मार्ग निघेल," शेखर म्हणाला. माझ्या पोटचा पोरगा, आणि असा मेणासारखा वितळत होता.

वैष्णवी उठली. सरांचा अर्धा भरलेला कप तिने उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बास. मला तेवढं पुरलं.

आत माझी सून स्नेहा सकाळपासून खपत होती. आमरस होता, कुरडया तळून झाल्या होत्या. मांडे करायला खास बाई बोलावली होती, आणि खापरावरच्या मांड्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. सरांचं नाक दोनदा तिकडे वळलेलं मी पाहिलं होतं.

"स्नेहा," मी हाक मारली, "करंडा आण."

ती दारात आली. "आत्ता, आई? पानं वाढायची आहेत अजून."

"आत्ताच आण."

घरी आलेली सवाशीण निघायला उठली की तिला हळदीकुंकू लावायचं, ही आपली रीत. ती बसलेली असताना, जेवण चुलीवर असताना कुणी करंडा पुढे आणत नाही. आणला तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणजे बायकांना तरी लागत नाही.

कलाबाई तोवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. निफाडकडचं त्यांचं माहेर, भरल्या घरात वाढलेली बाई. करंडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी पदर सावरला, कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. नीट लावलं, ठसठशीत. त्या बाईवर माझा राग नव्हता.

"येते मी, काकू," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

"या," मी म्हटलं.

सरांचा चेहरा फुलला. "वा. बघा शेखरराव, आजीबाईंनी कुंकू लावलं. म्हणजे शुभ झालं. हा होकारच समजायचा आम्ही." आणि बाही वर करत ते हात धुवायला बेसिनकडे निघाले.

"दादा, चल," कलाबाई म्हणाल्या.

"अगं, पानं घेतायत ना..."

"चल म्हणते ना."

आपल्याकडे आहे का असं काही, हे त्यानेच विचारलं होतं. होतं की. सख्ख्या बहिणीच्या कपाळावर लावून दिलं, तरी त्याला वाचता आलं नाही. साता समुद्रापलीकडचा गार खांदा मात्र त्याला तोंडपाठ.

सर गाडीत जाऊन बसले, अजून हसतच. अश्विन दारात चप्पल घालत रेंगाळला. आईचं कपाळ त्याने बघितलं होतं, आणि त्याला कळलं होतं.

"आजी," तो खाली बघत म्हणाला, "मी एकटा आलो तर?"

"एकटा आलास तर जेवायला बसवू. येताना तोंड मात्र घरून घेऊन ये."

त्याने मान हलवली आणि गेला.

शेखर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, एवढं चांगलं स्थळ होतं." मी म्हटलं, "फ्लॅट चांगला होता. लग्न फ्लॅटशी लावायचं असेल तर तू जा राहायला." स्नेहा भाकरी थापत होती. तिने पाठ फिरवली, पण खांदे हलत होते.

पुढे कलाबाईंचा स्नेहाला फोन आला. माफी मागायला केला होता, पण बाई शेवटी हसल्याच. नाशिक येईपर्यंत त्या भावाला समजावत होत्या म्हणे. सगळं ऐकून घेतल्यावर सरांनी विचारलं, "इंटरेस्टिंग. या प्रथेचा उगम काय?"

उगम म्हणे. उठायचं कधी एवढं कळलं असतं तरी पुष्कळ होतं.

अश्विन अजून आलेला नाही. वैष्णवीला मी विचारलं, वाट बघतेस का. ती पॅकहाऊसला निघाली होती, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला. फोनवर हात ठेवून म्हणाली, "आला तर आला, आजी. मी कामावर असेन, संध्याकाळनंतर ये म्हणावं."

आणि परत त्या परदेशी माणसाशी भांडायला लागली.