कोरडी लाखोरी

बेबीबाईंनी टोपलीवरचं ओलं पोतं उचललं आणि आंबूस वास स्वातीच्या नाकात भसकन शिरला. आतली पेरणीची लाखोरी, लाखेच्या डाळीचं कडधान्य, बुळबुळीत झाली होती. एक दाणा तिने चिमटीत दाबला, तर साल निसटली आणि आत मोड नव्हता, नुसता लगदा.

"भिजवली कधी?" तिने सासूला विचारलं.

"परवा सांजेले. बांधीतला चिखल सुकून राहिला होता. आता नाई फेकली तं मंग कवा फेकाची?"

यात खोटं काही नव्हतं. लाखोरीला नांगरट लागत नाही. बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान उभं असतानाच त्याच्या बुडाशी ओल्या चिखलात दाणे फेकायचे. चिखल वाळला की तो हंगाम गेलाच. आणि ही लाखोरी बाजारातली नव्हती. लग्नानंतर बेबीबाईंनी करडीहून, माहेरून आणलेलं हे बारीक दाण्याचं बियाणं. आता करडीतही ते कोणाकडे उरलं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं या सानगडीच्या घरात, या टोपलीत.

स्वातीच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेजात ती तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवायची. नेमकी याच आठवड्यात तिला परीक्षेची ड्युटी लावून साकोलीत अडकवलं होतं. आधी ती कॉलेजवर चिडली, मग घरात असून आईकडे न पाहणाऱ्या नवऱ्यावर. संजीवला विचारावं, तर तो "हो का?" म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालणार, हे तिला ठाऊक होतं. ती खाली बसली आणि निदान मूठभर तरी घट्ट दाणे सापडतात का ते चाचपत राहिली. एकही सापडला नाही.

"भिजवल्यावर पाणी कसं झालं होतं?"

"गढूळ. वरून फेस. म्या म्हटलं, तुह्या डब्यातली धूळ असंन."

कसली धूळ! दाण्यातली साखर होती ती, मीठ होतं, कोंबाची सगळी शिदोरी होती. पेशीभोवती पातळ पडदा असतो. दाणा फार सुकला की तो विस्कटतो. ओल हळूहळू लागली तर पुन्हा जुळून येतो. एकदम पाण्यात बुडवला, तर जुळायच्या आधीच आतला ऐवज बाहेर वाहून जातो आणि बुरशीचं फावतं. स्वाती हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायची.

"एकदम पाण्यात काहून टाकली, आई?"

"लगीन होऊन आलो तवापासून तशीच टाकतो. कोठीतून काढली का पाण्यात. कधी मेली नाई. यंदाच काहून मेली?"

कोठीतलं बियाणं कधी इतकं कोरडं नसतं. गेल्या साली भुंग्यांनी अर्धी लाखोरी खाल्ली, म्हणून उरलेली तिनेच प्रयोगशाळेत नेली होती. "थोडी तं राहू दे," म्हणून बेबीबाई मागे लागल्या होत्या. पण अर्धवट काम हिला कुठलं चालायला! ओल शोषणाऱ्या खड्यांसोबत बरणीत ठेवून तिने ती खडखडीत वाळवली, डबा घरी आणून दिला आणि भुंगा नाही म्हणून मिरवलीसुद्धा.

"मी लई सुकवली म्हणून मेली," ती म्हणाली.

बेबीबाईंना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मंग कशी भिजवाची होती?"

"आधी रातभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाची. मंग पाण्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

स्वातीला सांगायला वेळ नव्हता असं नाही. आईंना पडदा-बिडदा काय कळणार, भिजवायच्या दिवशी आपणच करू, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ते आता तोंडातून निघेना, आणि न बोलताही ते सासूला कळलं.

"फडकं ओलं करणं मले समजलं असतं, स्वाती," बेबीबाई म्हणाल्या, आणि टोपली कमरेवर घेऊन उकिरड्याकडे निघाल्या.